लग्नाचा व्हिडिओ कसा काढावा

लग्नघरी आचारी येतो, वाजंत्री येतात, मांडववाला येतो. हल्ली त्यांच्याबरोबर आणखी एक माणूस येतो. तो म्हणजे व्हिडिओ काढणारा. शहरात हा धंदा जुना आहे. आता खेड्यापाड्यांतले तरुणही हे काम करू लागले आहेत. काही ठिकाणी मुलीही करतात. काम चांगले आहे. हाताला चार पैसे मिळतात. पण ते मोठ्या जबाबदारीचे आहे. कसे, ते पाहा.

आमटीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. मांडवाचा बांबू कलला तर पुन्हा रोवता येतो. पण अंतरपाट दूर झाला की झाला. वधूने हार घातला की घातला. "अहो, माझं बटण दाबायचं राहिलं, पुन्हा एकदा घाला," असे कोणाला म्हणणार? कोणी म्हटलेच, आणि मंडळींनी ऐकलेच, तरी तो दुसऱ्यांदा घातलेला हार खोटा दिसतो. चेहऱ्यावरचा पहिला भाव तोवर गेलेला असतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, या धंद्यात आधी लग्न शिकावे, मग कॅमेरा. लग्नात काय होते, कधी होते, कोण कुठे उभे राहते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा व्हिडिओ साध्या मोबाइलवरही चांगला उतरतो. ज्याला ते ठाऊक नाही, त्याच्याजवळ लाखाचा कॅमेरा असला तरी वरातीमागून घोडे!

आधी वही काढा

लग्नाच्या दोन दिवस आधी लग्नघरी जा. कॅमेरा नेला नाही तरी चालेल, वही-पेन्सिल मात्र न्या. घरातल्या जाणत्या बाईजवळ बसा आणि विचारा, "मावशी, तुमच्याकडं कोणकोणते विधी करतात? कुठल्या क्रमानं?" हे विचारायला लाजू नका. एकाच गावात दोन घरांच्या रीती वेगळ्या असतात. कोणाकडे सीमांतपूजन आदल्या रात्री होते, कोणाकडे लग्नाच्या सकाळी. कोणाकडे झाल असते, कोणाकडे नसते. झाल म्हणजे दिवे लावलेली बांबूची टोपली वराकडच्या माणसांच्या डोक्यावर धरतात, तो विधी. तो होतो अगदी शेवटी, सगळे दमलेले असताना. आणि व्हिडिओवाला नेमका तेव्हाच जेवायला बसलेला असतो!

सगळी लग्ने एका साच्यातली नसतात. बौद्ध पद्धतीच्या विवाहात अंतरपाट नसतो, होमही नसतो. भगवान बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांपुढे वंदना होते, त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, वधूवर प्रतिज्ञा घेतात. तिथे शब्दाला मोल आहे. प्रतिज्ञेचा शब्दन् शब्द ऐकू आला पाहिजे. निकाहात वधूची संमती विचारायला वकील आणि साक्षीदार तिच्याकडे जातात. ती पुष्कळदा वेगळ्या खोलीत बायकांमध्ये बसलेली असते. तिथे कॅमेरावाल्याने जावे का, हे घरच्यांना आधी विचारावे. कॅमेरा बाईच्या हाती असला तर प्रश्नच मिटतो. चर्चमध्ये फादर सांगतील तिथे उभे राहावे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी रोस असतो. वधूला आणि वराला आपापल्या घरी नारळाचे दूध लावतात, हळद लावावी तसे. नोंदणी विवाह तर पाच-दहा मिनिटांत उरकतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे वधूवर आणि तीन साक्षीदार सह्या करतात. सही करणारा हात, आणि सही झाल्यावर वर आलेली नजर, एवढे मिळाले तर लग्न मिळाले.

वहीच्या दुसऱ्या पानावर माणसांची नावे लिहा. कोणाच्या वाचून हा व्हिडिओ अपुरा वाटेल? आजी, आजोबा, मामा, दूरगावाहून येणारी आत्या. हे चेहरे आधी ओळखून ठेवा. घरातले एखादे चुणचुणीत मूल त्या दिवशी संगतीला मागून घ्या. "ही मोठी आत्या, हे बाबांचे मित्र," असे ते पटापट सांगते.

तिसऱ्या पानावर व्यवहार लिहा. किती तासांचे काम, किती कॅमेरे, किती लांबीचा व्हिडिओ, किती दिवसांत द्यायचा, इसार किती, बाकी कधी. खाली दोघांच्या सह्या. आपल्याला लिहिता-वाचता येते, सही करता येते, ती अशा वेळी कामी आणायची. तोंडी बोललेले लग्नाच्या गडबडीत दोघेही विसरतात, आणि मग चांगली माणसे भांडतात.

घरी गेल्यावर आणखी एक गोष्ट कळू शकते. मुलीचे वय १८ पेक्षा कमी आहे, किंवा मुलाचे २१ पेक्षा. असे लग्न लावणे आणि त्याला मदत करणे हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. असे काम घेऊ नका. १०९८ या क्रमांकावर फोन करून कळवता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

यंत्राची तयारी

कॅमेरा कोणता घ्यावा, हे आम्हांला फार जण विचारतात. प्रथम जो हाताशी आहे तो नीट वापरा. मोबाइल असेल तर तो आडवा धरा. घरोघरचा टीव्ही आडवा असतो. उभा काढलेला व्हिडिओ त्यावर दाराच्या फटीतून पाहिल्यासारखा दिसतो.

कार्डाचा हिशेब आदल्या दिवशी करा. तो अवघड नाही. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल, तर त्याचे साडेबारा मेगाबाइट होतात. म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटचे कार्ड दीड तासही पुरणार नाही. सेकंदाला २५ मेगाबिट लिहीत असेल, तर तेच कार्ड पाच तास पुरेल. आपल्या कॅमेऱ्याचा आकडा कोणता, तो त्याच्या पुस्तिकेत असतो. लग्न सहा तासांचे असेल तर आठ तासांची कार्डे न्या. बॅटऱ्यांचेही तसेच. रिकाम्या एका खिशात आणि भरलेल्या दुसऱ्या खिशात, अशी सवय लावून घ्या.

आता एक बारीक गोष्ट. पुष्कळांचे व्हिडिओ कार्यालयातल्या दिव्यांखाली लुकलुकतात, त्यावर काळ्या पट्ट्या सरकतात. का बरे? आपल्या देशात घरात येणारी वीज सेकंदाला ५० फेरे घेते. त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. त्यावर उपाय सोपा आहे. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रांवर ठेवा आणि शटर पन्नासांश सेकंदावर. मग प्रत्येक चित्रात दिव्याचे दोन पुरे चढउतार येतात, आणि उजेड सारखा दिसतो. ज्या देशांत वीज सेकंदाला ६० फेरे घेते, तिथे ३० चित्रांचा हिशेब जमतो. नव्या मोबाइलमध्ये पुष्कळदा तोच लावलेला असतो, तेवढा बदलून घ्यावा. काही स्वस्त एलईडी दिवे एवढे करूनही लुकलुकतात. म्हणून कार्यालयात तासभर आधी जाऊन एक मिनिट काढून पाहा.

मांडवाच्या कापडाचेही लक्षात ठेवा. लाल-पिवळ्या कापडातून ऊन आले की सगळ्यांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसतात. पांढरा कागद किंवा पांढरे उपरणे कॅमेऱ्यासमोर धरा आणि "हे पांढरे" असे त्याला शिकवा. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते. मांडवातून अंगणात आलात की पुन्हा शिकवा.

हात स्थिर कसा राहील? तिपाई असेल तर उत्तम. नसेल तर दोन्ही कोपरे बरगड्यांशी टेकवा, पाय जरा फाकवा, खांबाला पाठ लावा. एकदा चित्र धरले की मनात दहापर्यंत मोजा आणि मगच हलवा. नवशिक्या माणसाचा कॅमेरा गवतातल्या नाकतोड्यासारखा उड्या मारतो. दोन सेकंद इथे, दोन सेकंद तिथे. घरी बसून तोडायला घेतले की त्यातले काहीच कामाला येत नाही. झूम फारसा वापरू नका. जवळचे चित्र हवे तर पायाने जवळ जा.

एकच गोष्ट तीन अंतरांवरून काढायला शिका. लांबून, मधून, जवळून. हळदीचे उदाहरण घ्या. लांबून सगळे अंगण, चौरंग, भोवती बायका. मधून नवरी आणि तिला हळद लावणारी काकू. जवळून हळदीने माखलेली बोटे आणि गालावरचा ओघळ. ही तीन चित्रे एकापुढे एक जोडली की पाहणारा आपोआप त्या अंगणात जाऊन बसतो.

मंगलाष्टकांची वेळ

साऱ्या दिवसात जपायची वेळ ही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अंतरपाटाच्या दोन टोकांना दोन माणसे असतात. एका अंगाला वधू, दुसऱ्या अंगाला वर, त्यांच्या मागे मामा. अगदी बाजूला उभे राहिलात तर टोक धरणाऱ्याची पाठच तेवढी मिळेल. त्याच्या खांद्याच्या जरा अलीकडे, तिरके, आणि एखाद्या मजबूत स्टुलावर उभे राहा. म्हणजे पडद्याच्या दोन्हीकडचे दोन्ही चेहरे एका चित्रात येतात. दोघे एकमेकांना पाहू शकत नाहीत, आणि आपण मात्र दोघांनाही पाहतो. या विधीची सारी गंमत त्यात आहे.

ही जागा आधी हेरून ठेवा. फोटो काढणाऱ्याशीही आधीच बोला. "तुम्ही डावीकडं, मी उजवीकडं," असे ठरले की ऐन वेळी एकमेकांच्या डोक्यांचे फोटो निघत नाहीत.

एकदा एका बाजूला उभे राहिलात की मंगलाष्टके संपेपर्यंत पलीकडे जाऊ नका. वधू चित्रात डावीकडे आणि वर उजवीकडे असेल, तर तसेच राहू द्या. मध्येच पलीकडून काढले तर वधू उजवीकडे जाते. पाहणाऱ्याला वाटते, यांनी जागा कधी बदलली? दुसरा कॅमेरा असेल तर तोही याच बाजूला ठेवा. त्याने फक्त चेहरे जवळून काढावेत.

पहिले मंगलाष्टक सुरू होण्याआधी बटण दाबा, आणि हार पडेपर्यंत बंद करू नका. जुने काही कॅमेरे सुमारे अर्ध्या तासाने आपोआप थांबतात. तुमचा तसा असेल तर दोन मंगलाष्टकांच्या मध्ये एकदा थांबवून लगेच सुरू करा. हल्ली मावशा, आत्या स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणतात आणि वेळ लांबतो. दुसरा कॅमेरा असल्यास म्हणणारीचा चेहरा अवश्य घ्या. हातातला कागद थरथरत असतो, आवाज मध्येच भरून येतो.

शेवटचे मंगलाष्टक कोणते, ते कसे ओळखावे? गुरुजींना आधी विनंती करून ठेवा, "गुरुजी, शेवटचं सुरू करताना जरा माझ्याकडं पाहा." बहुतेक गुरुजी आनंदाने पाहतात. मग चित्र थोडे मोठे करा. अंतरपाट दूर होतो, वाजंत्री एकदम सुरू होतात, अक्षतांचा पाऊस पडतो, मंडळी पुढे लोटतात. या क्षणी कॅमेरा फिरवण्याचा मोह होतो. फिरवू नका. दोघांच्या नजरा भेटतात, बहुतेक ठिकाणी आधी वधू हार घालते, मग वर. सारे त्या एका चित्रात आपोआप घडते. तुम्ही फक्त उभे राहायचे. एक मऊ फडके खिशात असू द्या. अक्षतांना कुंकू-हळद लावलेली असते. एखादा दाणा काचेला चिकटला तर पुढचा सगळा व्हिडिओ डागाचा.

पुढचे विधी तुलनेने सावकाश होतात. कन्यादानात एकावर एक ठेवलेले हात जवळून घ्यावेत. त्यानंतर लगेच आईबापांचे चेहरे. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो. तिथे धुराच्या वाऱ्याकडे तोंड करून उभे राहू नये. सप्तपदीत पावले पाहावीत. कानपिळीला कॅमेरा भावाकडे हवा, तो कान पिळताना किती लाजतो किंवा किती जोर लावतो, ते पाहण्याजोगे असते.

पाठवणीला मात्र मागे सरा. लांब उभे राहून काढा, दिवा मारू नका, "ताई, इकडं बघा" असे म्हणू नका. त्या वेळी मुलीला आणि तिच्या आईला आपली आठवणही राहू नये.

मागे बसलेली माणसे

चार-दोन वर्षांनी घरची माणसे हा व्हिडिओ पुन्हा लावतात. तेव्हा ती काय शोधतात? वधूची साडी सर्वांना पाठ असते. ती शोधतात गेलेल्या माणसांना. "थांब, थांब, मागं घे, ते बघ आबा!" आबा तीन सेकंद दिसतात, तेही कोणाच्या तरी खांद्याआडून. सगळे घर त्या तीन सेकंदांसाठी पुन्हा पुन्हा मागे जाते.

म्हणून मंचावर काही विशेष चाललेले नसेल, तेव्हा खुर्च्यांच्या रांगांत जा. म्हातारी माणसे शोधा. पुष्कळ घरांत विधवा आईला किंवा आजीला विधीच्या वेळी मागे बसवतात. ही रीत आम्हांला मुळीच पसंत नाही. घरच्यांना ती मोडण्याचे धैर्य नसेल, पण कॅमेऱ्याने ती पाळण्याचे कारण नाही. नातीच्या डोक्यावर अक्षता पडत असताना मागच्या खांबाला टेकून उभ्या राहिलेल्या आजीचा चेहरा घ्या.

मग निवांत वेळ पाहून तिच्याजवळ बसा. "आजी, नातीला काय सांगाल?" असे विचारा. एवढेच. मध्ये बोलू नका. ती बोलायची थांबली तरी कॅमेरा चालू ठेवा, मनात पाच मोजा. माणसे खरे बोलतात ते पुष्कळदा थांबल्यानंतर. आचारी, वाढपी, वाजंत्री यांनाही एकेक चित्र द्यावे. त्यांच्याशिवाय लग्न झाले असते का?

जिथे बायका कपडे बदलतात, तिथे कॅमेरा नेऊ नये. वधूची तयारी काढायची असेल तर तिला विचारून, तयारी होत आल्यावर काढावी. कोणी हाताने "नको" म्हटले की कॅमेरा खाली.

आवाज

चित्र थोडे हलले तर लोक चालवून घेतात. आवाज फाटला की उठून जातात. तरीही आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, हे आम्ही नेहमी पाहतो.

कॅमेऱ्याला स्वतःचा कान असतो, पण तो कॅमेऱ्याजवळचे ऐकतो. गुरुजी वीस पावलांवर आणि शेजारी दोन काका जमिनीच्या भावाबद्दल बोलताहेत, तर व्हिडिओत जमिनीचा भावच उतरतो. म्हणून आवाजाचे यंत्र बोलणाऱ्याजवळ हवे. कपड्याला लावायचा छोटा माइक मिळतो. तो वराच्या उपरण्याला लावला की गुरुजी, वधू, वर तिघांचेही बोलणे येते. तो नसेल तर एखादा जुना मोबाइल घ्या. त्यात आवाज घेण्याची सोय सुरू करा, फोन येणार नाहीत अशी तजवीज करा, आणि तो गुरुजींच्या पूजेच्या साहित्याजवळ ठेवा. पाण्याच्या कलशापासून जरा दूर, एवढी खबरदारी घ्या. लाउडस्पीकरवाल्याशी ओळख करून घेतली तर त्याच्या यंत्रातूनही तार घेता येते.

आता आवाज एका यंत्रात आणि चित्र दुसऱ्यात. ते जुळवायचे कसे? सिनेमावाले पाटी आपटतात ती याचसाठी. आपण टाळी वाजवायची. दोन्ही यंत्रे सुरू झाली की कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी. घरी गेल्यावर चित्रात हात मिळतात ती जागा आणि आवाजात टाळी ऐकू येते ती जागा एकावर एक ठेवा. सगळे जुळले.

आणखी एक गंमत पाहा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कर्णा तुमच्यापासून ३४ मीटर दूर असेल तर आवाज एकदशांश सेकंद उशिरा येतो. २५ चित्रांच्या हिशेबात ती अडीच चित्रे झाली. ओठ आधी हलतात, शब्द मागून. लांबून काढलेला आवाज म्हणूनही खटकतो.

जोडणी

लग्न संपले. घरी आल्यावर पहिले काम झोपेचे असे वाटते. नाही. पहिले काम कार्डे उतरवून घेण्याचे. एक प्रत संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. दोन्ही उघडून पाहा, चालतात ना? तोवर कार्ड पुसायचे नाही. मग झोपा.

दुसऱ्या दिवशी तोडायला बसू नका. आधी सगळे पाहा. सहा तासांचे असेल तर सहा तास पाहा. कंटाळा येतो खरा, पण त्याला पर्याय नाही. विधीगणिक वेगळे कप्पे करा आणि वहीत खुणा करा. "हळद, तिसरा तुकडा, काकू हसते, छान." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे न पाहताच कापू लागलेल्याचे होते. उत्तम चित्र सापडते ते काम संपल्यावर.

जोडणीसाठी फुकट मिळणारी साधनेही चांगली आहेत. दाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती विनामूल्य आहे, केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही तर सर्वांसाठी खुलीच आहेत. संगणक दुबळा असेल तर शेवटची दोन हलकी चालतात.

आम्ही आधी आवाज मांडतो, मग चित्र. मंगलाष्टकांचा आवाज सलग अंथरायचा, तो मध्ये तोडायचा नाही. त्यावर मुख्य चित्र ठेवायचे, आणि मधूनमधून दुसरी चित्रे पेरायची. आईचा चेहरा, मुठीतल्या अक्षता, मामाच्या खांद्यावर झोपलेले पोर. कॅमेरा हलला असेल, कोणी आडवे आले असेल, ती जागा अशा चित्राने झाकता येते. म्हणून ही लहानसहान चित्रे लग्नाच्या दिवशी भरपूर जमवून ठेवावीत.

तोडायचे कुठे? हालचाल चालू असताना तोडावे. हार धरलेले हात वर जाऊ लागले की लांबचे चित्र तोडा, आणि हात वर जातच आहेत असे जवळचे चित्र जोडा. डोळा हालचालीबरोबर पुढे जातो, त्याला सांधा कळत नाही. एका विधीतून दुसऱ्यात जाताना पुढचा आवाज थोडा आधी येऊ द्यावा. चित्रात अजून सकाळचे अंगण आहे, आणि सनई ऐकू येऊ लागली. मग कार्यालयाचे दार. पाहणारा न सांगता पोचतो.

चित्रावर फिरणारी बदामे, उडणारी फुले, गिरक्या घेणारे चौकोन आम्हांला आवडत नाहीत. घरच्यांनी आग्रह धरलाच तर सुरुवातीला एकदा घालावीत आणि सोडून द्यावे. संथ गतीचेही तसेच. ज्या तुकड्याची गती निम्मी करायची, तो सेकंदाला ५० चित्रांनी काढलेला असावा लागतो. ते अक्षतांपुरते ठीक. सारे लग्न संथ केले तर माणसे पाण्यात चालल्यासारखी वाटतात.

"वधूला जरा गोरी करा," असे हमखास कोणी तरी सांगते. करू नये. उजेड कमी पडला असेल तर तो वाढवावा, पिवळेपणा आला असेल तर काढावा. पण रंग ज्याचा त्याचा असू द्यावा. सावळ्या मुलीला पिठासारखी पांढरी केली तर तिचे चेहऱ्यावरचे हसूच पुसले जाते, आणि तिला ओळखणाऱ्यांना ती परकी वाटते.

सिनेमाच्या गाण्यांबद्दल विचारतात. लग्नात, वरातीत गाणे वाजवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मोकळीक दिली आहे. पण तेच गाणे व्हिडिओला जोडून इंटरनेटवर सगळ्या जगासाठी टाकणे ही निराळी बाब आहे. गाण्याचे मालक हरकत घेतात आणि व्हिडिओ मुका होतो किंवा काढला जातो. त्यापेक्षा त्याच लग्नातली सनई वापरा, आत्याचे मंगलाष्टक वापरा, जात्यावरची ओवी कोणी म्हटली असेल तर ती वापरा. असा आवाज बाजारात मिळत नाही. आणि इंटरनेटवर काही टाकण्याआधी वधू आणि वर, दोघांनाही विचारा.

ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आधी वाचा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला चालकाचे प्रमाणपत्र लागते. विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय तो उडवताच येत नाही. ज्याला हे जमणार नाही, त्याने शेजारच्या गच्चीवरून वरात काढावी. तीही छान दिसते.

द्यायचे काय, ठेवायचे काय

दोन व्हिडिओ द्यावेत. एक लांब, ज्यात सगळे विधी, सगळे पाहुणे. एक लहान, पाच-सात मिनिटांचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. लहान व्हिडिओचे कौतुक होते, पण लांब व्हिडिओला कमी लेखू नका. आजी त्यातच सापडते. देण्याआधी एकदा टीव्हीवर आणि एकदा मोबाइलवर लावून पाहा. वाद्यांच्या आवाजात बोलणे बुडत नाही ना?

चाळीसेक वर्षांपूर्वी लग्नाचे व्हिडिओ व्हीएचएस कॅसेटवर मिळत. लोकांनी त्या कपाटात जपून ठेवल्या. पावसाळ्याच्या दमट हवेत पुष्कळांच्या फितीला बुरशी लागली. आणि चांगली राहिलेली फीत लावायची कशावर? ती यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या कारखान्यांपैकी जपानमधल्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते काम थांबवले. आजच्या पेन ड्राइव्हचेही पुढेमागे असेच होणार. पेन ड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचे साधन आहे, साठवणीचे नाही. ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगा. दर चार-पाच वर्षांनी व्हिडिओ नव्या डिस्कवर उतरवून घ्या म्हणावे. आपल्याजवळची प्रत आपण किती दिवस ठेवणार, तेही पावतीवर लिहून द्या.

प्रती निदान दोन द्याव्यात, आणि त्या एका घरात ठेवू नयेत. एका घरी पाणी शिरले, चोरी झाली, तर दुसरीकडे राहावी. लग्नात हे सोपे आहे, कारण घरे दोन असतात. पण पैसे एका पक्षाने दिलेले असतात, आणि पुष्कळदा व्हिडिओ तिकडेच जातो. मुलीच्या आईला तो पाहायला व्याह्यांकडे जावे लागते. म्हणून ठरवतानाच विचारून घ्या, आणि वहीच्या त्या तिसऱ्या पानावर लिहा: एक प्रत सासरी, एक माहेरी.